मे महिन्यातला बर्फ

ठाण्यात, पाचपाखाडीत सध्या रात्री पंखा पाचवर ठेवूनही झोप लागत नाही, आणि माझी भाची हिमाचलातल्या सर पासच्या ट्रेकला जायला सॅक भरतेय. काल म्हणाली, "मावशी, मेमध्ये कसला आलाय बर्फ? बुटांना लावायच्या स्पाइक्सचं भाडं उगाच कशाला भरू?" तिला फोनवर अर्धा तास समजावलं, तरी माझंच समाधान होईना. म्हणून लिहायला बसले.

सर पास सुमारे १३,८०० फुटांवर. कसोलहून ग्रहण, मीन थाच, नगारू असं चढत जायचं आणि खिंड ओलांडून बिस्केरीला उतरायचं. हिवाळ्यात साचलेला बर्फ वरच्या टप्प्यात मेमध्येही असतोच, पण तो जानेवारीतला भुसभुशीत बर्फ नव्हे. दिवसा उन्हाने वितळायचा, रात्री पुन्हा गोठायचा, असं त्याचं आठवडेच्या आठवडे चाललेलं असतं. त्यामुळे पहाटे तो ओल्या कडप्प्यासारखा टणक आणि निसरडा असतो, तर दुपारी गोळेवाल्याने किसून ठेवल्यासारखा. भाड्याचे स्पाइक्स लागतात ते पहाटेच्या त्या कडप्प्यावर.

नगारूहून पहाटे तीनला निघतात ते याचसाठी. टणक आहे तोवर चढ संपवायचा. त्यातही रात्री आभाळ निरभ्र असेल तरच बर्फ नीट गोठतो. ढग असले की जमिनीतून निघणारी उष्णता वर निसटत नाही, आणि पहाटेही पाय रुततो. तेव्हा झोपण्याआधी तंबूबाहेर डोकावून चांदण्या दिसतात का, ते बघायचं.

मी गेले होते तेव्हा मीन थाचला एक गोष्ट उकिडवी बसून बराच वेळ पाहत होते. बर्फावर झाडाच्या वाळक्या सुया पडल्या होत्या. एकेक सुई आपल्याच मापाच्या खाचेत बोटभर खाली गेलेली, जणू कोणी कोरून बसवलीय. सुई काळपट, ती ऊन शोषते, तापते आणि भोवतालचा बर्फ वितळवत खाली जाते.

त्या सुईवरून मला तिथेच कळायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी साडेदहाच्या सुमारास, उतारावर, मी एका काळ्या दगडाचा आधार घ्यायला वाटेबाहेर दोन पावलं गेले आणि उजवा पाय मांडीपर्यंत आत. दगडही सुईसारखाच तापतो. त्याच्या भोवती बर्फाखाली पोकळी होते आणि वरून काही दिसत नाही. आत बूट अडकला होता आणि खालून पाण्याचा आवाज येत होता. गाइड ओरडला, "दीदी, खींचना मत!" त्याने हातांनी बर्फ उकरला, बूट मोकळा केला, मगच पाय बाहेर. हिसका दिला असता तर गुडघा गेला असता. सह्याद्रीत आपण कातळ दिसला की हात टेकतो. तिथे कातळापासून लांब राहायचं. ओढ्यावरच्या बर्फाचंही तेच, खालून पाणी त्याला पोखरत असतं. गाइड काठी खुपसून बघेपर्यंत पाऊल टाकायचं नाही.

मऊ बर्फावर उतरताना मात्र आपल्या घसाऱ्याची, म्हणजे सुट्या मातीदगडांच्या उताराची सवय कामी येते. वजन मागे न टाकता टाच जोरात रोवायची. घाबरून मागे रेललं की पाय सुटलाच.

आणि गॉगल, बाजूंनी झाकणारा. ताजा बर्फ अतिनील किरणांपैकी ८० टक्क्यांपर्यंत किरण परत फेकतो, म्हणजे ऊन खालूनही लागतं. मी गालांना क्रीम लावलं आणि हनुवटीखाली विसरले. परतीच्या गाडीत तिथली साल निघत होती. नाकपुड्यांच्या आतल्या कडेलाही लावायचं, हसू नका. डोळ्यांना लागलं तर रात्री वाळू गेल्यासारखे खुपतात, पाणी थांबत नाही.

बूट नवे असतील तर आत्तापासून घालून चाला. भाचीला रविवारी साडेपाचला उपवन तलावापाशी बोलावलंय. तिथून येऊर चढायचं, सॅकमध्ये पाण्याच्या सहा बाटल्या. ठाण्यातलं आणखी कोणी निघालं असेल तर या.