बारावरून अकरावर: कोकणातल्या गिटारसाठी तारा निवडताना

गिटार यामाहाची एफ-३१०, मुक्काम रत्नागिरी, आणि महिना मे अखेरचा. जुन्या तारा १२-५३ मापाच्या, ८०/२० ब्राँझच्या होत्या (या आकड्यांचा अर्थ पुढे येतो; पहिली तार म्हणजे सगळ्यात पातळ, सहावी सगळ्यात जाड). दर पावसाळ्यात पहिल्या दोन तारांवर तीन आठवड्यांत तांबूस ठिपके यायचे आणि उरलेल्या चार, गुंडाळीच्या, काळवंडून बोदट वाजायच्या. या वेळी हाताला येईल ते पाकीट न उचलता प्रत्येक गोष्ट मोजून तारा निवडायच्या असं ठरवलं. मोजमापं आणि त्यामागची कारणं लिहून ठेवतो आहे. दुसऱ्या गिटारलाही हाच हिशेब लागू पडेल.

सगळ्यात आधी गिटार स्टीलच्या तारांची आहे की नायलॉनच्या, ते पाहून घ्यावं. ब्रिजवर, म्हणजे तारा जिथे अडकवतात त्या लाकडी पट्टीवर, सहा पिना असतील तर ती स्टीलची. तारा ब्रिजला गाठ मारून बांधलेल्या आणि हेडस्टॉकला, म्हणजे खुंट्यांच्या टोकाला, दोन लांब खाचा असतील तर ती क्लासिकल, म्हणजे नायलॉनची. नायलॉनचा संच ४० किलोच्या आसपास ओढतो, स्टीलचा ७० च्या घरात. क्लासिकलला स्टील चढवलं की आधी टॉप (वरची फळी) फुगतो आणि मग ब्रिज उपटून निघतो. कधी आठवड्यात, कधी वर्षभरात, पण निघतोच.

दुसरं म्हणजे तारेची मोकळी लांबी, नट (मानेच्या टोकाची खाचांची पट्टी) ते सॅडल (ब्रिजवरची पट्टी). बऱ्याच मोठ्या अकॉस्टिक गिटारमध्ये ती ६४८ मिमी असते, एफ-३१० ची ६३४ मिमी आहे. १४ मिमीने काय बिघडतं असं वाटेल, पण ताण लांबीच्या वर्गाप्रमाणे बदलतो. म्हणजे तीच तार त्याच सुरात माझ्या गिटारवर चार टक्के कमी ओढते. १२ ची पहिली तार ६४८ वर सुमारे १०.६ किलो, ६३४ वर १०.१ किलो.

तारेचं माप इंचाच्या हजाराव्या भागात सांगतात. १२ म्हणजे ०.०१२ इंच, साधारण ०.३० मिमी. दुकानात 'बाराचा सेट' म्हणतात तो पहिल्या तारेवरून. ताण जाडीच्याही वर्गाप्रमाणे बदलतो, म्हणून १२ वरून ११ वर आल्यावर त्या तारेचा ताण १६ टक्के घटतो आणि १० वर आल्यावर ३० टक्के. माझ्या गिटारवर १२ चे १०.१, ११ चे ८.५ आणि १० चे ७ किलो. बोटाला हा फरक वाजवायला घेताच कळतो.

एरवी न दिसणारी एक गोष्ट पाकिटामागच्या तक्त्यात सापडली. नेहमीचा १२-५३ संच असा असतो: १२, १६, २४, ३२, ४२, ५३. आणि ११-५२ असा: ११, १५, २२, ३२, ४२, ५२. चौथी आणि पाचवी तार दोन्हींत एकच! म्हणजे ११-५२ घेतला तर हलक्या होतात त्या मुख्यतः पहिल्या तीन, खर्जाचं वजन जवळपास तसंच राहतं. गाण्याच्या साथीला स्ट्रमिंग करणाऱ्याला हेच हवं असतं. भावगीतात दुसऱ्या तारेवर छोटी मींड घ्यायची तर १६ ऐवजी १५ खूप सोयीची पडते. १०-४७ चा विचारही केला होता, पण त्यात खालची बाजूही पातळ होते आणि जोरात वाजवलं की तारा फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर) आपटतात. शिकायला नुकतीच सुरुवात केलेल्या लहान मुलाच्या बोटांसाठी मात्र मी १०-४७ च घेईन.

अजून एक वाट होती: १२ चाच संच ठेवून गिटार अर्धा स्वर खाली लावायची. त्याने ताण ११ टक्के उतरतो, आणि मूळ पट्टी हवी असेल तेव्हा पहिल्या फ्रेटवर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा. ज्यांचा आवाज खालच्या पट्टीत बसतो त्यांना ही वाट एक पैसाही न खर्चता मोकळी आहे. मला कीबोर्डसोबत बसायचं असतं, म्हणून ११-५२ ठरला.

दुकानात एक सापळा असतो. १०-४७ मागितला की कधीकधी १०-४६ पुढे येतो. अंकात एकाचा फरक, पण तो संच इलेक्ट्रिक गिटारचा, निकेलचा: १०, १३, १७, २६, ३६, ४६. त्यात तिसरी तार गुंडाळीची नसते, साधी १७ ची असते. अकॉस्टिकची सॅडल गुंडाळीच्या तिसऱ्या तारेच्या हिशेबाने घासलेली असते, त्यामुळे ती साधी तार वरच्या फ्रेटवर तीव्र बोलते आणि कितीही लावली तरी कॉर्ड सुरात बसत नाही. पाकिटावर 'अकॉस्टिक' आणि 'ब्राँझ' हे दोन्ही शब्द वाचूनच पैसे द्यावेत.

आता धातू. ८०/२० म्हणजे ८० टक्के तांबं, २० टक्के जस्त. नाव ब्राँझ असलं तरी हे खरं तर पितळ. नवं असताना लख्ख, चुणचुणीत वाजतं, पण पितळी भांडं जसं दमट हवेत काळं पडतं तशीच याची गत, आणि तारांना चिंच लावून घासता येत नाही. फॉस्फर ब्राँझ म्हणजे तांबं, सुमारे ८ टक्के कथील आणि किंचित फॉस्फरस, म्हणजे कांस्याच्या घराण्यातलं. डॅडारिओ कंपनीने ते १९७४ मध्ये गिटारच्या तारांत आणलं. आवाज थोडा गोल, उबदार, आणि घामाला जरा जास्त टिकाऊ. लॅमिनेटेड टॉपच्या गिटारचा आवाज आधीच वरच्या अंगाला थोडा कोरडा असतो, त्याला फॉस्फर ब्राँझ भरीव करतं असं माझं मत आहे.

तार मरते ती नुसत्या गंजाने नाही. गुंडाळीच्या फटींत घाम आणि बोटांवरची मृत त्वचा साचते, वजन ठिकठिकाणी असमान वाढतं आणि वरचे स्वरांश दबतात. म्हणून मी कोटिंगच्या तारा घेतल्या. त्यांवर पातळ पॉलिमरचा थर असतो आणि फटीत घाण शिरत नाही. किंमत साध्या तारांच्या दुप्पट-अडीचपट पडते. समुद्राच्या हवेत ती वसूल होते. पुण्यात किंवा नागपुरात, आठवड्यातून दोनदाच वाजवणाऱ्याला साध्या फॉस्फर ब्राँझच्या तारा पुरेत. काही जण गंजू नयेत म्हणून तारांना खोबरेल तेल चोळतात. ते करू नये, तेल फटींत धूळ धरून ठेवतं आणि तार आणखी लवकर बसते.

तारा काढण्याआधी आहे त्या स्थितीची नोंद घेतली. पहिल्या फ्रेटवर कॅपो, सहावी तार चौदाव्या फ्रेटवर दाबून, सहाव्या-सातव्या फ्रेटपाशी तारेखालची फट मोजली: ०.२५ मिमी. यासाठी फिलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पातळ पत्र्यांचा जुडगा, लागतो. तो संगीताच्या दुकानात शोधू नका, गाड्यांच्या स्पेअर पार्ट्सच्या दुकानात टॅपेट लावायला वापरतात तोच. बाराव्या फ्रेटवरची उंची स्टीलच्या पट्टीने: सहावी २.५ मिमी, पहिली २ मिमी.

सगळ्या तारा सैल करून मगच पिना काढल्या. पक्कडीने पिन ओढली की तिचं डोकं तुटतं. साउंडहोलमधून हात घालून पिन आतून नाण्याने वर ढकलावी. रोझवूडचा फ्रेटबोर्ड कोरड्या फडक्याने पुसला. नवी तार घालताना तिच्या टोकाचा गोळा ब्रिजखालच्या आतल्या पट्टीला, ब्रिजप्लेटला, टेकला पाहिजे, पिनेच्या टोकाला नाही. गोळ्यापाशी तार किंचित वाकवून आत सोडावी, पिनेची खाच तारेकडे ठेवून पिन बसवावी आणि अंगठ्याने पिन दाबून तार वर ओढावी. गोळा पिनेखाली अडकला असेल तर सूर चढवताना पिन 'टप्प' करून उडते.

पेगच्या (खुंटीच्या) खांबाला एका वेढ्याला जवळपास २ सेंमी तार लागते. म्हणून गुंडाळीच्या तारांना खांबापुढे ५ सेंमी जादा ठेवली, अडीच वेढ्यांसाठी, आणि साध्या दोन तारांना ८ सेंमी, चार वेढ्यांसाठी. साधी तार गुळगुळीत असते, कमी वेढ्यांत सरकते. वेढे वरून खाली उतरत जावेत. जादा टोक आधी काटकोनात वाकवायचं आणि मग कापायचं. सरळ तार कापली तर काही तारांची गुंडाळी गाभ्यावरून सैल होते आणि ती तार पहिल्या दिवसापासून मेलेली वाजते.

सूर लावताना पहिली तार तुटण्याचं नेहमीचं कारण म्हणजे ट्यूनरचं ॲप. ते बऱ्याचदा नुसतं 'ई' (पहिल्या तारेचा स्वर) दाखवतं, कोणत्या सप्तकातला ते सांगत नाही. पहिली तार ३२९.६ हर्ट्झवर थांबली पाहिजे. त्याच्या वरच्या 'ई'ला पोचण्याच्या कितीतरी आधी तार तुटते, आणि जाड तार घेतली म्हणून वाचत नाही, कारण जाडीबरोबर ताकद वाढते तसा ताणही वाढतो. चढवताना नटपाशी 'टिंग' आवाज आला, तेव्हा त्या खाचेत पेन्सिलचं शिसं घासलं. मग प्रत्येक तार बाराव्या फ्रेटपाशी हलकी उचलून ताणली आणि पुन्हा लावली. चार फेऱ्यांनंतर सूर टिकला.

दुसऱ्या दिवशी अपेक्षित होतं तेच झालं. सहाव्या तारेवर दुसऱ्या-तिसऱ्या फ्रेटला झणझण. तानपुऱ्यात जवारी मुद्दाम काढतात, गिटारमध्ये ती नको. कारण सरळ आहे: संचाचा एकूण ताण साधारण ७१ किलोवरून ६५-६६ वर आला आणि नेक (मान) मागे सरळ झाला. फट मोजली, ०.१५ मिमी. ट्रस रॉड, म्हणजे नेकचा बाक सांभाळणारी आतली सळी, साउंडहोलमधून पाव फेरा डावीकडे, म्हणजे सैल केला आणि रात्रभर तसाच ठेवला. लाकूड सावकाश बसतं, म्हणून एका दिवसात पाव फेऱ्यापेक्षा जास्त कधीही फिरवू नये. सकाळी फट ०.२२ मिमी, झणझण गेली. सॅडल घासण्याची घाई इथे केली असती तर नवी सॅडल घ्यावी लागली असती. शेवटी प्रत्येक तारेचा बारावा फ्रेट दाबून येणारा स्वर आणि तिथलाच हार्मोनिक (तार न दाबता नुसती स्पर्शून येणारा स्वर) ट्यूनरवर ताडून पाहिला. फरक ४ सेंटच्या आत होता (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग). जुन्या तारांवर तोच १२ पर्यंत गेला होता.

तार बदलायची वेळ ओळखायला मी आता हीच कसोटी धरतो, आणि जोडीला नखाची: तारेच्या खालच्या बाजूने, फ्रेटच्या बरोबर वर, नख फिरवायचं. गुंडाळीला खळगे लागले की कोटिंग असो वा नसो, संच उतरवायचा. एकटी पहिली तार गेली तर पूर्ण पाकीट फोडायची गरज नसते. पहिल्या दोन तारा साध्या पोलादाच्या असतात, संच ८०/२० चा असो की फॉस्फर ब्राँझचा. म्हणून ११ ची एक सुटी तार सिलिका जेलच्या पुडीबरोबर झिप पिशवीत घालून केसमध्ये ठेवली आहे.