आमची वाटचाल : कार्ड आमचं, रीडर दुसऱ्याचा

आमचा धंदा हजेरीच्या कार्डांचा. कोल्हापुरात शाहूपुरीतल्या भाड्याच्या गाळ्यात सुरुवात केली ती 125 किलोहर्ट्झच्या साध्या प्रॉक्सिमिटी कार्डांवर, म्हणजे रीडरजवळ नुसतं धरलं की नंबर वाचला जातो अशा. मग 13.56 मेगाहर्ट्झची, आत माहिती लिहिता येणारी मायफेअर कार्डं आली. साखर कारखाने, सूतगिरण्या, कॉलेजांची वसतिगृहं अशी गिऱ्हाइकं जोडली गेली. ती वर्षं बरी गेली, त्यांचं फार सांगत नाही. सांगायचं आहे ते शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीचं, म्हणजे ओतकामाच्या कारखान्याचं. त्या प्रकरणावरून आमच्याबद्दल अजूनही काहीबाही बोललं जातं.

तिथले रीडर आमचे नव्हते. पुण्याच्या एका मोठ्या पार्टीने बसवलेले. कार्डं तेवढी आमच्याकडून, कारण नगामागे आम्ही स्वस्त. जुनी कार्डं बदलून नवा लॉट दिला आणि पगाराच्या आठवड्यात बोंब उठली. मोल्डिंग खात्यातल्या माणसाचा ओव्हरटाइम फेटलिंग खात्यातल्याच्या नावावर! गेटवर युनियनवाले जमले. पुण्याची पार्टी मालकांना सांगून मोकळी झाली, "कार्डं डुप्लिकेट आहेत." आमचं बिल अडकलं. बातमी गोकुळ शिरगावपर्यंत पोचायला वेळ लागला नाही. हातातल्या ऑर्डरी फिरल्या, छपाईवाल्याने उधारी बंद केली, पहिल्या दिवसापासूनचा भागीदार बाहेर पडला. तो कुणाकडे गेला हे धंद्यातल्या लोकांना माहीत आहे.

टाइम ऑफिसातले अण्णा तेवढे म्हणाले, "साहेबांना बोलू दे काय बोलायचं ते. तुम्ही रात्रपाळीला या, गेटवर मी आहे."

आमच्या पेटीत होतं काय? एक यूएसबी रीडर, जुना लॅपटॉप, मल्टिमीटर आणि टॉर्च. टॉर्चला हसू नका. पांढरं कार्ड उजेडावर धरलं की आतली कॉइल दिसते. बारीक तारेची, भरपूर वेढ्यांची गोल कॉइल असेल तर 125. कडेकडेने मोजके चौकोनी वेढे असतील तर 13.56. कार्ड एका फ्रिक्वेन्सीचं, रीडर दुसऱ्या, अशा निम्म्या तक्रारी इथेच मिटतात.

ही मात्र मिटली नाही. आमच्या यूएसबी रीडरवर प्रत्येक कार्डाचा नंबर वेगळा, सात बाइटचा. गेटवरच्या रीडरच्या लॉगमध्ये बघतो तर सगळे 88 04 ने सुरू. मग उलगडलं. चार बाइटचे वेगवेगळे नंबर 2010 च्या सुमारास संपत आले, म्हणून सात बाइटची कार्डं आली. हा लांब नंबर रीडरला दोन हप्त्यांत घ्यावा लागतो. पहिल्या हप्त्याच्या तोंडाशी 88 येतं, त्याचा अर्थ पुढे अजून बाकी आहे. गेटवरचा रीडर पहिल्याच हप्त्यावर थांबायचा. त्यातून रीडरकडून नंबर पुढे नेणारी लाइन 26 बिट वीगंड पद्धतीची. दोन बिट पॅरिटीचे, म्हणजे चूक तपासायचे, गेले की नंबराला उरतात तीन बाइट. त्यातले 88 आणि 04 सगळ्यांचे सारखेच. राहिला एक बाइट, म्हणजे जास्तीत जास्त 256 नंबर. माणसं सहाशेच्या घरात. एका नंबरावर दोघं-तिघं आले की सॉफ्टवेअर ज्याची नोंद शेवटी झाली त्याला हजेरी देऊन टाकायचं.

अण्णांनी लॉगचे कागद स्वतः सही करून मालकांच्या टेबलावर ठेवले. त्या सहीने आम्हाला वाचवलं.

नवीन धंदा करणाऱ्यांनो, पर्चेस ऑर्डरवर नुसतं 'मायफेअर 1के' घेऊ नका. नंबर चार बाइटचा की सात, लाइन 26 बिटची की 34, बाइटचा क्रम सुलटा की उलटा, हे लिहून घ्या. रीडर सरळ लोखंडी केबिनच्या पत्र्यावर ठोकू नका, मध्ये फेराइट शीट घाला, नाहीतर रेंज मरते आणि शिव्या कार्डाला बसतात. जमलं तर कार्डाच्या नंबरावर विसंबूच नका, कामगार क्रमांक कार्डाच्या मेमरीतल्या कप्प्यात, म्हणजे सेक्टरमध्ये, आपल्या गुप्त कीखाली लिहा. हजेरीला हे पुरतं. कँटीनचे पैसे मात्र मायफेअर क्लासिकवर, म्हणजे याच 1के जातीच्या कार्डावर, ठेवू नका. त्याचं कुलूप 2008 सालीच फुटलेलं आहे. तिथे डेसफायर हे जास्त पक्क्या कुलपाचं कार्ड घ्या, महाग पडलं तरी.

फाउंड्रीचे रीडर शेवटी आम्हीच बदलले, आमच्या पदरचे पैसे घालून, नाव राखायला. आमचं कार्डांचं बिल मार्च उलटून गेल्यावर निघालं, टीडीएस कापून. पुण्याच्या पार्टीला त्या जुन्या रीडरचं एएमसी, म्हणजे वार्षिक देखभालीचे पैसे, त्याही वर्षी वेळेत मिळालं.