समईची ज्योत आणि दुप्पट पळणारा चेंडू

जावास्क्रिप्ट या वेबपानांच्या प्रोग्रॅमिंग भाषेशी माझा बारा वर्षांचा संबंध आहे, पण तो पूर्णपणे कारकुनी, म्हणजे फॉर्म तपासण्यापुरता. मोबाइल क्रमांक १० अंकी आहे का, पिनकोड ६ अंकी आहे का, सबमिटचे बटण कुणी घाईने दोनदा दाबले तर काय करायचे, एवढ्यातच ही भाषा संपते असे मी धरून चालले होते. गेल्या दिवाळीत भाच्याने विचारले, "आत्या, तू कोडिंग करतेस, मग गेम का नाही बनवत?" याला माझ्याकडे खरोखरच उत्तर नव्हते.

सुरुवात पी-फाइव्ह-जेएस या चित्रे काढायच्या लायब्ररीपासून, म्हणजे तयार कोडच्या संचापासून केली. केसी रीस आणि बेन फ्राय यांनी २००१ मध्ये एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये प्रोसेसिंग हे साधन सुरू केले, ते चित्रकार आणि डिझायनर यांनाही प्रोग्रॅम लिहिता यावा म्हणून. लॉरेन मॅकार्थी यांनी २०१३ पासून तीच कल्पना जावास्क्रिप्टमध्ये आणली, तेच हे पी-फाइव्ह-जेएस. काही इन्स्टॉल करावे लागत नाही. ब्राउझरमधल्या एडिटरमध्ये दोन फंक्शन लिहायची, एकदाच चालणारे सेटअप आणि सेकंदाला साधारण ६० वेळा चालणारे ड्रॉ. ड्रॉची एक फेरी म्हणजे एक फ्रेम.

पहिल्याच दिवशी माझी फजिती झाली. माउसच्या मागे फिरणारे एक वर्तुळ काढायचे होते, पण पडद्यावर वर्तुळांची लांबच लांब अळी तयार झाली. सगळा पडदा एका रंगाने भरून टाकणारी बॅकग्राउंडची ओळ मी ड्रॉऐवजी सेटअपमध्ये लिहिली होती. फॉर्ममधले बटण सरकवले की ते जुन्या जागी उरत नाही, कारण ते बटण आहे हे ब्राउझरला ठाऊक असते. कॅनव्हासला, म्हणजे पानावरच्या ज्या चौकोनात हे चित्र उमटते त्याला, मात्र वर्तुळ वगैरे काही कळत नाही, त्याच्या लेखी फक्त रंगलेले पिक्सेल, म्हणजे ठिपके असतात. थोडक्यात ती शाळेतली पाटी आहे, आणि हालचाल हवी असेल तर प्रत्येक फ्रेमला ती पुसून सगळे चित्र नव्याने काढावे लागते. पुढे बॅकग्राउंडचा रंग अर्धपारदर्शक केला, तेव्हा ओल्या बोटाने अर्धवट पुसलेल्या पाटीसारखी मागच्या वर्तुळांची पुसट शेपूट उरली, आणि ती चूक मी मुद्दामच ठेवून दिली.

त्यानंतर समई काढायला घेतली. ज्योतीचे टोक हलवण्यासाठी रँडम हे कुठलीही संख्या उचलून देणारे फंक्शन वापरले, तर ज्योत विजेचा धक्का बसल्यासारखी थरथरू लागली, कारण रँडमने दिलेल्या एका संख्येचा मागच्या संख्येशी काहीच संबंध नसतो. त्याऐवजी नॉइज हे फंक्शन वापरायचे असते. संगणकीय चित्रांचा यंत्रासारखा गुळगुळीतपणा खटकल्यामुळे केन पर्लिन यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ही पद्धत शोधली आणि तिच्यासाठी त्यांना १९९७ मध्ये ऑस्कर देणाऱ्या अकादमीचा तांत्रिक पुरस्कार मिळाला. नॉइजमध्ये जवळच्या दोन बिंदूंची उत्तरेही जवळचीच येतात. मी दर फ्रेमला ०.०१ ने पुढे सरकत गेले आणि ज्योत देवघरात हलते तशी हलू लागली. पायरी ०.५ केली की पुन्हा तोच थरथराट. ही एक संख्या मागेपुढे करण्यात माझी अख्खी संध्याकाळ गेली, आणि खरे सांगायचे तर एवढा आनंद मला पिनकोडने कधी दिला नाही.

गेम मात्र लायब्ररी न घेता साध्या कॅनव्हासवर लिहिला: खाली एक फळी, वर विटा आणि मध्ये चेंडू. चेंडू दर फ्रेमला ६ पिक्सेल सरकत असे. माझ्या जुन्या लॅपटॉपवर तो व्यवस्थित चालला. भाच्याच्या नव्या लॅपटॉपवर दुप्पट पळू लागला. त्याचा पडदा १२० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १२० वेळा नव्याने रंगणारा होता, माझा ६० चा. पुढची फ्रेम काढायची वेळ झाली हे सांगणारे ब्राउझरचे रिक्वेस्ट-ॲनिमेशन-फ्रेम हे फंक्शन पडद्याच्या तालावर चालते, म्हणजे माझ्याकडे सेकंदाला ३६० पिक्सेल आणि त्याच्याकडे ७२०. वेग फ्रेममध्ये न मोजता सेकंदात मोजायचा, हे तेव्हा समजले. प्रत्येक वेळी ब्राउझर मिलिसेकंदांत वेळ देतो. त्यातून मागची वेळ वजा करून येणाऱ्या फरकाने वेगाला गुणले की काम होते. त्यातही एक खोच निघाली. दुसऱ्या टॅबवर गेल्यावर हे चक्र थांबते, आणि ४० सेकंदांनी परत आले की चेंडू एका उडीत १४,४०० पिक्सेल पार करून विटांपलीकडे गडप होतो. म्हणून फरक कितीही आला तरी ५० मिलिसेकंदांपेक्षा जास्त धरायचा नाही, अशी एक ओळ घातली.

सुधारलेला गेम पाठवला, तर भाच्याची तक्रार आली की तो आता संथ झाला आहे. त्याला ७२० चीच सवय झाली होती. वेग वाढवून दिला, तर आता माझ्याच लॅपटॉपवर चेंडू अधूनमधून फळीतून आरपार जाऊ लागला: फळीची जाडी १० पिक्सेल आणि चेंडूची एका फ्रेममधली उडी १२ पिक्सेल, त्यामुळे कधी तो एका फ्रेममध्ये फळीच्या वर असे आणि पुढच्याच फ्रेममध्ये खाली, मध्ये कुठेच नाही. चेंडू आत्ता फळीत आहे का, हे विचारणे सोडून मागच्या आणि आताच्या जागेच्या दरम्यान फळीची वरची कड ओलांडली गेली का, असे विचारायला लावले, तेव्हा तो टप्पा घेऊ लागला. आता भाच्याला आवाज हवे आहेत.