सतराचा आहे म्हण

पत्र तयार होतं. चारच ओळींचं. ‘आपण दिलेल्या माहितीशी जुळणारी नोंद आम्हाला सापडली नाही, याचा खेद वाटतो.’ असली पत्रं मी महिन्याला दहा-बारा तरी लिहिते, त्यामुळे हात आपोआप चालतो. फक्त सही राहिली होती. शुक्रवारची दुपार होती आणि मला चारची गाडी गाठायची होती.

मी जर्मनीतल्या एका छोट्या स्मृतिस्थळाच्या अभिलेखागारात नोकरी करते. नाझींच्या छळछावण्यांत नेलेल्या माणसांचा शोध घेणारी पत्रं जगभरातून येतात, त्यांची उत्तरं शोधायची, हे माझं काम. पुण्यात मोडी शिकलेली मुलगी इथे कशी येऊन पोचली, ती गोष्ट पुन्हा कधीतरी. आमच्याकडे स्वतःचे कागद थोडेच आहेत. बहुतेक वेळा धाव घ्यायची ती बाड आरोल्सन गावातल्या संग्रहाकडे. युद्धानंतर हरवलेल्यांचा शोध घेणाऱ्या कचेरीचं ते दप्तर: सुमारे ३ कोटी कागद, त्यांत १ कोटी ७५ लाख माणसांचे उल्लेख. कितीतरी वर्षं ते बाहेरच्या संशोधकांना बघायलाच मिळत नव्हतं. २००७ साली दार उघडलं आणि आता त्यातला मोठा भाग घरबसल्या संगणकावर दिसतो.

तिथल्या नावांच्या कार्डांची मला फार गंमत वाटते. जवळजवळ ५ कोटी कार्डं, आणि ती लावली आहेत उच्चाराप्रमाणे. कारण एकच आडनाव पोलिश कारकुनानं एका तऱ्हेनं लिहिलेलं, जर्मनानं दुसऱ्या, फ्रेंचानं तिसऱ्या. एकट्या ‘अब्रामोविच’ची ८००हून जास्त रूपं तिथे आहेत. मी पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मनात आलं, अरे, यांना देवनागरी दिली असती तर निम्मं काम वाचलं असतं.

तर ते पत्र. चौकशी करणाऱ्या बाई दक्षिण अमेरिकेत राहतात. साठीच्या पुढच्या. त्यांना त्यांच्या मामाबद्दल विचारायचं होतं. घराणं नॉद्यवारादचं. हे गाव आज रोमानियात आहे आणि त्याला ओराद्या म्हणतात. जर्मन कागदांत ते ग्रोसवार्डाइन असतं. १९४० ते १९४४ ते हंगेरीत होतं, आणि त्यामुळेच तिथल्या ज्यूंचं जे झालं ते झालं. १५ मे ते ९ जुलै १९४४ या आठ आठवड्यांत हंगेरीतून सुमारे ४,३७,००० ज्यूंना गाड्यांत भरून नेलं, बहुतेकांना आउशवित्झला. उतरल्या उतरल्या फलाटावरच निवड व्हायची, आणि ज्यांना थेट गॅसकडे पाठवलं त्यांची नोंदच केली जायची नाही. ना नंबर, ना कार्ड. मामाचा जन्म १९३० चा, म्हणजे चौदा वर्षांचा पोर. त्या वयाची मुलं बहुतेक त्याच रांगेत गेली. तेव्हा ‘नोंद सापडली नाही’ हे उत्तर मला बरोबरच वाटत होतं, आणि बरोबर वाटणारं उत्तर लिहायला वेळ लागत नाही.

तेवढ्यात बाबांचा फोन आला. दर शुक्रवारी येतो.

“काल बँकेचा मेसेज आला, वाढदिवसाच्या शुभेच्छा म्हणून,” बाबा म्हणाले. “मी म्हटलं, ह्या गुरुजींना द्या बाबांनो.”

आदल्या दिवशी १ जून होता. आमच्या गावात बाबांच्या पिढीतली निम्मी माणसं १ जूनला जन्मलेली आहेत. शाळेत नाव घालताना कुणाकडे जन्माचा दाखला नसायचा. गुरुजी सांगायचे, उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धर. कान हाताला लागला की पोरगं सहा वर्षांचं झालं, लिहा १ जून. बाबा काटकुळे होते, हात लांब होते, कान लवकर लागला. ते आजही कागदोपत्री दीड वर्षानं मोठे आहेत आणि निवृत्तही तेवढेच आधी झाले.

फोन ठेवला आणि सहीसाठी उचललेलं पेन तसंच हातात राहिलं. मी नावाबरोबर जन्मसाल टाकून शोधलं होतं. ते साल मामाच्या घरच्यांना ठाऊक असलेलं होतं. पण कार्डावर जे लिहिलं जाणार ते फलाटावर, नाहीतर छावणीच्या कचेरीत, त्या मुलानं स्वतः सांगितलेलं. त्यानं खरं कशाला सांगावं?

साल काढून टाकलं. खरं आडनाव देत नाही, समजा ‘वाइस’. हंगेरियन लोक त्याच्या शेवटी ‘एसझेड’ लिहितात आणि त्याचा उच्चार ‘स’ करतात. पोलिश भाषेत तीच दोन अक्षरं ‘श’ होतात. जर्मन कारकून आपल्या पद्धतीनं तिसरंच लिहितो. सगळी रूपं घेतली तर पानंच्या पानं नावं आली. मग जन्मगाव घातलं, आधी हंगेरियन नावानं, मग जर्मन. चारची गाडी गेली होती. पाचचीही.

साडेपाचच्या सुमारास बुखेनवाल्ड छळछावणीचं एक कार्ड उघडलं. हंगेरियन ज्यू. जन्मगाव ग्रोसवार्डाइन. जन्मसाल १९२७. व्यवसाय: कुलपं-लोखंडकाम करणारा कारागीर. जवळचे नातेवाईक: आई, तिचं माहेरचं आडनाव, आणि पत्त्याच्या जागी ‘के. एल. आउशवित्झ’, म्हणजे आउशवित्झची छळछावणी. आईचं माहेरचं नाव बाईंच्या अर्जातल्या नावाशी जुळत होतं. जन्माचा दिवस आणि महिनाही तेच. फक्त साल तीन वर्षांनी मागे. खोटं सांगताना चौदा वर्षांच्या मुलाला एवढंच बदलायचं सुचलं असणार. खाली सही होती, शाळेत घोटवून घेतलेल्या अक्षरात, आडनाव आधी, नाव नंतर. हंगेरियन माणसं तसंच लिहितात.

सोमवारी मी ते वरिष्ठ बाईंना दाखवलं. त्या बत्तीस वर्षं हेच काम करतायत आणि हुरळून जाणं त्यांच्या स्वभावात नाही. त्यांनी मला हंगेरियन लेखक इम्रे कर्तेसचं उदाहरण दिलं. नोबेल मिळाल्यावरच्या भाषणात त्यानं स्वतःच सांगितलंय: बुखेनवाल्डच्या १८ फेब्रुवारी १९४५ च्या अहवालात कैदी क्रमांक ६४९२१, इम्रे कर्तेस, कारखाना कामगार, जन्म १९२७, याच्या मृत्यूची नोंद आहे. तो कैदी म्हणजे तोच. जन्म खरा १९२९ चा. पोरांत गणना होऊ नये म्हणून दोन वर्षं वाढवलेली, आणि विद्यार्थ्याऐवजी कामगार सांगितलेलं, कारण कामगार उपयोगाचा दिसतो.

“म्हणजे वय खोटं, धंदा खोटा, आणि मेल्याची नोंदही खोटी,” वरिष्ठ बाई म्हणाल्या. “एका कार्डावर विसंबू नका. दुसरा पुरावा आणा.”

दुसरा पुरावा खरं तर अर्जातच होता, मीच तो वाचून सोडून दिला होता. चौकशी करणाऱ्या बाईंच्या आईनं, म्हणजे त्या मुलाच्या बहिणीनं, नव्वदच्या दशकात शोआ फाउंडेशनला, म्हणजे नाझी संहारातून वाचलेल्यांच्या मुलाखती चित्रित करणाऱ्या संस्थेला, साक्ष दिली होती. १९९४ मध्ये सुरू झालेल्या त्या कामात थोड्याच वर्षांत ५६ देशांत, ३२ भाषांत पन्नास हजारांहून जास्त मुलाखती झाल्या. पण चुंबकीय टेप काही जन्माला पुरत नाही. म्हणून पुढे सुमारे २,३५,००० बीटाकॅम व्हिडिओ टेप डिजिटल करून घ्याव्या लागल्या. साक्ष देणाऱ्याला घरी ठेवायला एक व्हीएचएस प्रत मिळायची. बाईंकडे ती होती. कपाटात, पंचवीस वर्षं. त्यांनी ती कधीच लावली नव्हती. ‘आईला रडताना बघवलं नसतं,’ असं त्यांनी लिहिलं होतं.

मी विचारलं, मामाच्या वयाबद्दल त्यात काही आहे का, बघाल? उत्तर यायला नऊ दिवस लागले. व्हीएचएसला बुरशी लागली होती, पण फाउंडेशनकडची डिजिटल प्रत त्यांना बघायला मिळाली. आई रडलीच नव्हती म्हणे, उलट मुलाखत घेणाऱ्या मुलीला पाणी पी म्हणत होती. आणि दुसऱ्या तासात कुठेतरी ते वाक्य आलं. डब्यातून उतरताना पट्ट्यापट्ट्यांच्या कपड्यांतला एक कैदी भावाच्या कानाशी यिडिशमध्ये पुटपुटला: सतराचा आहे म्हण, आणि हाताला काम येतं म्हण. बहिणीनं ते ऐकलं. मग पुरुषांची रांग वेगळी झाली.

फलाटावरच संपला असं ज्याच्याबद्दल घरात ऐंशी वर्षं धरून चालले होते, तो तिथून जिवंत पुढे गेला होता. बुखेनवाल्ड, आणि तिथून त्साइट्झजवळच्या ट्र्योग्लिट्झला, लिग्नाइट कोळशापासून पेट्रोल बनवणाऱ्या कारखान्यात बाँबहल्ल्यांचा ढिगारा उपसायला. बदलीच्या यादीत त्याचा नंबर आहे. त्यानंतर काहीच नाही. मृत्यूची नोंद नाही, सुटकेची नाही. आम्ही तसंच कळवलं.

बाईंनी विचारलं, कार्डावरचं साल दुरुस्त करता येईल का? नाही, म्हटलं. मोडीच्या वर्गात आमचे सर बजावायचे, कारकून चुकला असेल तर तुम्हीही चुकलेलंच उतरवा, शहाणपण टिपेत दाखवा. इथे तर ती चूकही नव्हती. मी आमच्या फायलीला टीप जोडली: जन्म १९३०, बहिणीच्या साक्षीनुसार.

याद वाशेम या इस्रायलमधल्या स्मारकसंस्थेकडे मारल्या गेलेल्यांच्या नावानं भरायचं साक्षीपत्र मामासाठी कुणी भरलेलंच नव्हतं. बाईंची आई म्हणायची, भरलं की तो मेलाच. या शरद ऋतूत बाईंनी ते भरलं आणि एक प्रत मला पाठवली. व्यवसायाच्या रकान्यात त्यांनी लिहिलं आहे: शाळकरी मुलगा.