‘त्यांनी’ म्हणजे किती जण?

112 क्रमांकावरून आमच्या ठाण्याला कॉल वर्ग झाला, तेव्हा दुपारचे पावणेचार वाजले होते. मुले पळवणाऱ्या टोळीतील दोघांना गावकऱ्यांनी धरले आहे, लवकर या, एवढाच निरोप होता. सप्टेंबर 2022 चा तो दुसरा पंधरवडा होता. 13 सप्टेंबरला जत तालुक्यातील लवंगा येथे उत्तर प्रदेशातून आलेल्या चार साधूंना याच संशयावरून मारहाण झाली होती. पंढरपूरकडे निघालेल्या त्या साधूंनी एका मुलाला रस्ता विचारला, एवढेच निमित्त संशयाला पुरले होते. त्याआधी 1 जुलै 2018 रोजी साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे आठवड्याच्या बाजारात आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठार मारले, ते ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडून. त्यामुळे धरलेल्या दोघांना ग्रामपंचायतीत बसवले आहे असे पोलीस पाटलांनी फोनवर सांगितले, तेव्हा जीपमध्ये कोणीही काही बोलले नाही.

ते दोघे मोटारसायकलवरून चादरी विकणारे परप्रांतीय फेरीवाले होते. आमच्या प्रभारी अधिकाऱ्यांनी जमावाशी वाद घातला नाही. ‘यांना ठाण्यात नेऊन गुन्हा दाखल करतो,’ असे मोठ्याने जाहीर करून त्यांनी दोघांना मागच्या दाराने जीपमध्ये घातले आणि गावाबाहेर काढले. पुढे जे घडले त्याबद्दल त्या अधिकाऱ्यांविषयी माझ्या मनात तक्रार आहे. पण त्या दोघांचे प्राण त्यांच्या त्या पंधरा मिनिटांतील धिमेपणामुळे वाचले, हे आधी लिहिणे मला आवश्यक वाटते.

मी त्या वेळी त्या ठाण्यात महिला पोलीस उपनिरीक्षक होते. मुलाचा जबाब घेण्याचे काम माझ्याकडे आले. मुलगा जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीत शिकत होता. तो सकाळी दहाला दप्तर घेऊन घरातून निघाला, शाळेत पोहोचलाच नाही आणि दुपारी अडीचच्या सुमारास घामाने निथळत, दप्तराचा एक बंद तुटलेल्या अवस्थेत घरी आला. पांढऱ्या ओम्नीतून तिघे आले, तोंडाला रुमाल लावला, गाडीत अंधारात कोंडले, मी पळालो, अशी त्याची हकीगत मी पोहोचेपर्यंत साऱ्या गावाला पाठ झाली होती. जमावाने त्याला फेरीवाल्यांसमोर उभे करून ‘हेच का रे ते?’ असे विचारले होते आणि त्याने मान हलवली होती. एका स्थानिक यूट्यूब वाहिनीच्या प्रतिनिधीने त्याचा चेहरा न झाकता ही हकीगत चित्रित करून प्रसारितही केली होती. पीडित किंवा साक्षीदार बालकाची ओळख उघड करण्यास बाल न्याय अधिनियमाच्या कलम 74 नुसार मनाई आहे, हे त्या प्रतिनिधीला मी सांगितले, तेव्हा तो म्हणाला की एवढी मोठी बातमी थांबवून ठेवता येत नाही.

पंधरा वर्षांखालील मुलाला जबाबासाठी ठाण्यात बोलावता येत नाही. तेव्हा लागू असलेल्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 160 प्रमाणे आपणच त्याच्या घरी जायचे असे. पण दोन खोल्यांच्या घरात तीस माणसे असताना घर हे जबाबाचे ठिकाण उरत नाही. मी गणवेशावर साधा सदरा चढवला आणि मुलाला घेऊन मागच्या गोठ्यात कडब्याच्या पेंढ्यांवर बसले. आईला मी त्याला दिसेल पण त्याच्याशी बोलू शकणार नाही अशा अंतरावर बसवले. हे अंतर महत्त्वाचे असते, कारण लहान मूल उत्तर देण्यापूर्वी मोठ्या माणसाचा चेहरा वाचते आणि त्या चेहऱ्याला हवे असलेले उत्तर देते.

याविषयी प्रशिक्षणात सांगितलेली एक गोष्ट मी कधी विसरले नाही. ह्यूज आणि ग्रीव्ह या संशोधकांनी 1980 साली लहान मुलांना ‘लाल रंग पिवळ्यापेक्षा जड असतो का?’ असे निरर्थक प्रश्न विचारले, आणि जवळजवळ सर्व मुलांनी त्यांना गंभीरपणे उत्तरे दिली. मोठ्या माणसाने प्रश्न विचारला आहे, त्या अर्थी त्याला उत्तर असणारच, असे मूल धरून चालते. म्हणून मी जबाबाआधी प्रत्येक मुलाला विचारते, ‘माझ्या घरच्या कुत्र्याचं नाव काय?’ या मुलाने क्षणभर विचार करून ‘मोती’ असे सांगितले. मी त्याला म्हटले, ‘तू माझ्या घरी कधी आला नाहीस, मग तुला कसं माहीत असेल? अशा वेळी माहीत नाही म्हणायचं. मला राग येत नाही.’ दुसऱ्यांदा मी त्याला माझ्या मुलीचे नाव विचारले, तेव्हा तो ‘माहीत न्हाई’ म्हणाला आणि प्रथमच थोडा सैल बसला. शाळेत, घरी, पाहुण्यांसमोर मुलाला माहीत नाही असे म्हणण्याची मुभा आपण क्वचितच देतो. ती पाच मिनिटांत द्यावी लागते आणि तिच्यावर पुढचे सगळे अवलंबून असते.

नंतर मी त्याला फक्त एवढेच म्हटले, की घरातून निघाल्यापासून काय काय झाले ते सांग, मी मध्ये बोलणार नाही. गाडी, तिघे, रुमाल, हा भाग त्याने न अडखळता सांगितला. पण त्याला त्यात स्वतःचे काहीच घालता येत नव्हते. गाडीत कुठे बसलास, दार कुठल्या बाजूचे, रुमाल कोणाचा, यांवर तो ‘माहीत न्हाई’ म्हणाला. तेवढ्या भागातील शब्दसुद्धा त्याचे नव्हते. चौथीतला मुलगा ‘बेशुद्ध करण्याचा प्रयत्न’ असे म्हणत नाही. तो मजकूर आठवडाभर गावातील प्रत्येक मोबाईलवर फिरणाऱ्या ध्वनिफितीतला होता, आणि ती फीत माझ्या स्वतःच्या मोबाईलवरही चार वेगवेगळ्या गटांतून आली होती.

यानंतर मी त्याला अंधाराबद्दल विचारले, तेव्हा मात्र त्याचा आवाज बदलला. तिथे ऑईलचा वास येत होता. गुंगुं असा आवाज होता आणि बाहेर पाणी पडत होते. लाल, पिवळा, निळा असे तीन दिवे होते. मग दिवे गेले, आवाज थांबला, पाणी थांबले, आणि थोड्या वेळाने दार उघडले. हे सांगताना तो माझ्याकडे पाहत नव्हता, आणि गाडीच्या भागात एकही वास नसताना या भागात वास, आवाज, प्रकाश असे सगळे क्रमाने येत होते.

बाहेर याच दिव्यांचे काय झाले होते, ते मला नंतर कळले. ते तीन दिवे शेजाऱ्यांकडून फिरत ‘लाल दिव्याची गाडी’ झाले होते, आणि साडेचारच्या यूट्यूब बातमीत ‘शासकीय वाहनासारख्या दिसणाऱ्या गाडीतून’ असे शब्द आले होते. एका दैनिकाच्या तालुका प्रतिनिधीने मला फोनवर सांगितले की तीन वेगळ्या ठिकाणांहून दुजोरा मिळाला आहे. मी त्यांना ती तीन ठिकाणे विचारली. पहिली व्यक्ती यूट्यूबची बातमी पाहून बोलत होती, दुसरी पहिलीकडून ऐकून, आणि तिसरी व्यक्ती म्हणजे स्वतः यूट्यूबवाला. अनेक चांगले बातमीदार मी पाहिले आहेत, पण एकच गोष्ट तीन तोंडांतून ऐकली म्हणजे तीन साक्षी झाल्या, ही चूक त्यांच्यातही फार खोल रुजलेली आहे, आणि आमच्या खात्यातही. त्याच आठवड्यात जिल्ह्यात इतकी मुले पळवली गेली असा एक आकडा छापून आला होता. सर्वोच्च न्यायालयाच्या 2013 च्या निर्देशानंतर अठरा वर्षांखालील मूल हरवले की अपहरणाचाच गुन्हा (तेव्हा भारतीय दंड संहितेच्या कलम 363 खाली) नोंदवला जातो. रागाने घर सोडलेला मुलगाही त्यात येतो आणि कुणाबरोबर निघून गेलेली सतरा वर्षांची मुलगीही. हे ज्याला ठाऊक नाही त्याच्या हातात तो आकडा गेला, की छापलेला आकडा खरा असूनही बातमी खोटी ठरते.

मुलाचे ऐकून झाल्यावर मी जे करते तेच केले. मूल खरे बोलते की खोटे, हा प्रश्न बाजूला ठेवून, त्याने हे सर्वांत आधी कोणाला, कोणत्या शब्दांत आणि कोणत्या प्रश्नाच्या उत्तरादाखल सांगितले, याचा मी मागे मागे जाऊन शोध घेतला. आईने सांगितले होते चुलतीच्या विचारण्यावरून. चुलतीने त्याला विचारले होते, ‘कुणी धरलं हुतं का? गाडीतनं आल्ते का? किती जण हुते, तीन?’ तिच्या प्रश्नांतच सगळी हकीगत होती. मुलाने फक्त होकार भरले होते. चुलतीच्याही आधी त्याला भेटली होती ती त्याची दुसरीत शिकणारी बहीण. तिला मी विचारले, दादा आल्यावर काय म्हणाला? ती म्हणाली, ‘त्येंनी मला कोंडलं, म्हणला.’

तो शब्द मी जबाबात ‘त्यांनी’ असा लिहिला आणि पुढे गेले. अर्ध्या पानानंतर माझी लेखणी थांबली. गावाने त्या ‘त्यांनी’चा अर्थ ते पुष्कळ जण असा घेतला होता, आणि म्हणून पुढचा प्रश्न किती जण हा आला होता. पण मराठीत ‘त्यांनी’ एकालाही म्हणतात, ज्याला मान द्यायचा असतो त्याला. धरून नेणाऱ्या अनोळखी चोराला नऊ वर्षांचा मुलगा कधी अहोजाहो करील का? मी पुन्हा गोठ्यात गेले आणि त्याला म्हटले, ‘तुला ज्यांनी कोंडलं, त्यांना तुझी आई काय म्हणून हाक मारते?’ तो रडू लागला आणि म्हणाला, ‘मालक.’

हा प्रश्न विचारायला नको होता. कोंडणारा ओळखीचा आहे हे त्या प्रश्नात मी गृहीत धरले होते. चुलतीने जे केले तेच मीही केले, फक्त माझा अंदाज बरोबर निघाला. म्हणून त्या उत्तरावर मी विसंबले नाही. माझ्याबरोबरच्या हवालदारांना मी शाळेच्या वाटेवरील डाळिंबाच्या बागांकडे पाठवले. शेतीच्या वीजवाहिनीला त्या आठवड्यात कोणती पाळी होती हे त्यांनी महावितरणच्या लाइनमनकडून विचारून घेतले: सकाळी सहा ते दुपारी दोन. एका बागेतील विहिरीलगतच्या मोटारीच्या खोलीत स्टार्टरच्या पेटीवर लाल, पिवळा, निळा असे तिन्ही फेजचे दिवे होते, बाहेर पाइपाचे पाणी हौदात पडत होते, आणि दप्तराच्या बंदाची कडी दाराशी पडलेली होती. माझ्या चाळीस मिनिटांच्या जबाबापेक्षा त्या हवालदारांचा तो तास अधिक मोलाचा होता. बागमालकाने फारसे आढेवेढे घेतले नाहीत. मुलाने दोन डाळिंबे तोडली होती, धाक बसावा म्हणून त्याला थोडा वेळ बसवले, आणि घरी सांगितलेस तर आईचे काम बंद होईल असे बजावले, असे ते म्हणाले. तो थोडा वेळ म्हणजे साडेतीन तास होते. ग्रामपंचायतीसमोर फेरीवाल्यांना आमच्या ताब्यात द्या असे सर्वांत मोठ्याने ओरडणाऱ्यांत हेच गृहस्थ होते, हे त्या दिवशीच्या चित्रफितीत आजही दिसते.

एखाद्याला बेकायदा कोंडून ठेवणे हा भारतीय दंड संहितेच्या कलम 342 खालील गुन्हा होता आणि तो दखलपात्र होता. मुलाची आई त्याच बागेत रोजावर जात होती; ती म्हणाली, ‘मॅडम, आमची काय तक्रार न्हाई.’ सरकारतर्फे फिर्याद द्यावी असे मी सुचवले. गावात आधीच तणाव आहे, आणखी नको, असे वरिष्ठांचे मत पडले आणि प्रकरण स्टेशन डायरीतील एका नोंदीवर थांबले. मी अधिक आग्रह धरायला हवा होता, असे मला तेव्हाही वाटत होते.

त्याच रात्री प्रसिद्धिपत्रक निघाले. अफवा थांबवणे तातडीचे होते आणि पत्रकाचा तो हेतू योग्यच होता. पण त्यातील वाक्य असे होते, की शाळा बुडवल्याबद्दल घरचे रागावतील या भीतीने मुलाने अपहरणाचा बनाव केल्याचे तपासात निष्पन्न झाले. मोटारीच्या खोलीचा उल्लेख त्यात नव्हता. दुसऱ्या दिवशी दोन दैनिकांनी हे वाक्य जसेच्या तसे छापले आणि ‘बनाव’ हा शब्द मथळ्यात घेतला. आदल्या दिवशी ज्या मुलाच्या प्रत्येक शब्दावर गावाने विश्वास ठेवला, त्याच्या एकाही शब्दावर दुसऱ्या दिवशी कोणी विश्वास ठेवायला तयार नव्हते. दोन्ही दिवशी त्याने सांगितलेल्यापैकी जे त्याचे स्वतःचे होते ते खरे होते, आणि जे त्याच्या तोंडी घातले गेले होते ते खोटे. मुलाने खोटे सांगितले असे म्हणण्याऐवजी मुलाला विचारलेल्या प्रश्नांतून गैरसमज पसरला असे लिहा, असे मी मसुदा पाहताना सुचवले होते. वाक्य लांब होते, या कारणाने ते बदलले गेले नाही.

त्या तालुका प्रतिनिधीला मी खुलासा छापण्याची विनंती केली. त्यांनी मला माझ्याच ठाण्याचे पत्रक दाखवले आणि अधिकृत माहितीपेक्षा वेगळे आम्ही कशाच्या आधारावर छापणार, असे विचारले. त्यांचे म्हणणे रास्त होते. आदल्या दिवशी त्यांनी हाच प्रश्न स्वतःला विचारायला हवा होता, असे मी बोलून गेले आणि नंतर मला वाईट वाटले, कारण या वेळी चुकीचा मूळ स्रोत आमचे ठाणे होते. सुधारित पत्रक काढावे असा लेखी अर्ज मी दिला. प्रकरण निकाली निघाले असल्याने आवश्यकता नाही, असा शेरा त्यावर आला. त्या अर्जाची प्रत माझ्याकडे आहे.

शाळेत मुले त्याला ‘ओम्नी’ म्हणून हाक मारू लागली होती, असे त्याच्या वर्गशिक्षिकेकडून कळले. दिवाळीनंतर तो मामाच्या गावी शिकायला गेला. बदली होण्यापूर्वी मी शाळेत जाऊन त्याच्या दाखल्याची स्थळप्रत पाहिली. शाळा सोडण्याचे कारण या रकान्यात ‘पालकांचे स्थलांतर’ असे लिहिलेले आहे. त्याची आई त्या दिवशी शाळेमागच्या बागेतच डाळिंबाची छाटणी करत होती.