आल्पुहाराच्या पाटांच्या काठाने

साक्री तालुक्यात पांझरा नदीच्या काठी, फडाच्या शेतीत माझे बालपण गेले. नदीवरचा दगडी बंधारा, त्यातून निघालेला पाट, पाळीप्रमाणे पाणी सोडणारा पाटकरी आणि ‘आपले बारे (पाण्याची पाळी) कधी आहे?’ हा घराघरांत रोज विचारला जाणारा प्रश्न, यांखेरीज शेती असू शकते हे मला फार उशिरा कळले. त्यामुळे दक्षिण स्पेनमधील सिएरा नेवादा पर्वताच्या दक्षिण उतारावर, ग्रानादा आणि आल्मेरिया या दोन प्रांतांत पसरलेल्या आल्पुहारा नावाच्या डोंगराळ मुलखात मध्ययुगातील मुस्लिम राजवटीपासून चालत आलेले पाट आजही वाहतात, असे वाचल्यापासून तो मुलूख पायी पाहण्याची इच्छा मनात घर करून होती. गेल्या मे महिन्यात ती पूर्ण झाली. त्या चार दिवसांचा हा अनुभव सविस्तर लिहीत आहे, कारण या वाटांविषयी मराठीत मला फारसे काही वाचायला मिळाले नव्हते.

मे महिना मी विचारपूर्वक निवडला होता. त्या दिवसांत वरचा बर्फ वितळत असतो, पाट भरून वाहतात आणि ऊनही चालण्याजोगे असते. शेंगेन व्हिसासाठी रोजच्या मुक्कामाचे आरक्षण आणि किमान 30,000 युरोचा वैद्यकीय विमा दाखवावा लागतो. लहान गावांतल्या घरगुती निवासांनी ईमेलने पाठवलेली पत्रे त्यासाठी पुरेशी ठरली. ग्रानादाहून बसने साधारण दोन तासांत पाम्पानेइरा येते. पोकेइरा नदीच्या घळीत पाम्पानेइरा, बुबिओन आणि कापिलेइरा ही तीन गावे पायऱ्यांसारखी एकावर एक वसलेली आहेत; पहिले साधारण 1,050 मीटर उंचीवर, तर तिसरे 1,400 मीटरच्याही वर. पहिल्या दिवशी खालच्या गावातून वरच्या गावापर्यंत चढून जायचे, एवढेच मी ठरवले होते.

ही चढण तासा-दीड तासाची असली तरी मला अर्धा दिवस लागला, कारण प्रत्येक घरापाशी पाय थबकत होते. इथली घरे चुन्याने रंगवलेली आणि सपाट छपराची असतात. ही छपरे आपल्या धाब्याच्या घरांची सख्खी भावंडे आहेत, असे म्हटले तर वावगे ठरणार नाही. चेस्टनटच्या तुळया, त्यांवर फळ्या किंवा फांद्या, त्यांवर पाटीच्या दगडाच्या लाद्या आणि सर्वांत वर लाउना नावाच्या निळसर करड्या चिकणमातीचा थर, अशी ही रचना असते. बुबिओनमध्ये एका पडक्या घराच्या कडेला सांडलेली थोडी लाउना मी हातात घेऊन पाहिली. कोरडी असताना ती बोटांत भुरभुर चुरत होती. पाण्याचे चार थेंब टाकून चोळल्यावर मात्र ती साबणासारखी गुळगुळीत झाली आणि तळहाताला घट्ट चिकटली. पावसात हीच माती फुगते आणि पाण्याला वाट देत नाही. उतरत्या चंद्राच्या दिवसांतच ती पसरावी, असा तिथला जुना रिवाज आहे. आमच्याकडे मृगाच्या आधी धाब्यावर पांढरी माती टाकण्याची जी लगबग असे, तिची आठवण येऊन मी त्या भिंतीपाशी बराच वेळ उभा होतो. गल्ल्यांवरून समोरासमोरची दोन घरे जोडणाऱ्या, खालून माणसे जातील अशा छतांना तिनाओ म्हणतात. दुपारी दोन ते पाच दुकाने बंद असताना सावलीला बसायला त्यांच्यासारखी जागा नाही.

दुसरा दिवस पोकेइराच्या घळीत गेला. कापिलेइराहून नदीच्या वरच्या अंगाला ला सेबादिया नावाची, जलविद्युत केंद्राच्या कामगारांसाठी बांधलेली आणि आता ओस पडलेली वस्ती आहे. तिथपर्यंत जाऊन मी परतलो. पाटाचा शोध खऱ्या अर्थाने इथे लागला. समोरच्या उघड्या उतारावर समपातळीत धावणारी एक हिरवी रेघ दिसते आणि ती रेघ म्हणजेच पाट, कारण मातीच्या पाटातून झिरपणाऱ्या पाण्यावर त्याच्या काठाने झाडे वाढलेली असतात. स्पॅनिशमध्ये पाटाला आसेकिया म्हणतात आणि हा शब्द अरबीतून आलेला आहे. काही पाट शेतांना पाणी देतात. पण अधिक उंचावर कारेओ नावाचे पाट आहेत, ज्यांचे काम वितळलेल्या बर्फाचे पाणी सच्छिद्र जमिनीवर नेऊन मुरवणे हे आहे. वसंतात मुरलेले ते पाणी उन्हाळ्यात खालच्या झऱ्यांतून बाहेर येते. ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ हे आपण शिवारात लिहिलेले पाहतो; इथे ते काम शेकडो वर्षे विनाखंड चालत आले आहे.

विनाखंड म्हणताना एक मोठा अपवाद सांगितला पाहिजे. 1492 मध्ये ग्रानादा ख्रिस्ती राजांच्या हाती पडल्यावर तिथला शेवटचा सुलतान बोआब्दील याला काही काळ याच मुलखात राहू दिले होते. पुढे सक्तीने ख्रिस्ती केलेल्या लोकांनी, म्हणजे मोरिस्कोंनी, 1568 मध्ये इथे उठाव केला. तो 1571 पर्यंत चालला आणि मोडून काढल्यावर त्यांना ग्रानादाच्या राज्यातून हुसकावण्यात आले. रिकाम्या गावांत स्पेनच्या इतर भागांतून शेतकरी आणून वसवले गेले. नव्या लोकांना पाट राखायला शिकवण्यासाठी प्रत्येक गावात मोरिस्कोंची दोन कुटुंबे ठेवून घेतली होती, असे इथे सांगतात. ते ऐकल्यावर मन विषण्ण झाले. पाणी कसे फिरवायचे हे ज्यांना ठाऊक होते त्यांची गरज होती, पण त्यांना तिथे राहण्याचा हक्क मात्र नव्हता.

तिसऱ्या दिवशी जीआर 7 ही लांब पल्ल्याची पायवाट धरून मी पित्रेसला पोहोचलो. या वाटेवर पांढरा आणि लाल असे दोन पट्टे म्हणजे बरोबर दिशा आणि त्याच रंगांची फुली म्हणजे चुकीची दिशा. संध्याकाळी जेवणात मिगास मिळाले. शिळ्या पावाचा चुरा तेलात लसणीबरोबर परततात, आणि पहिल्या घासालाच फोडणीच्या पोळीची आठवण होते.

चौथ्या दिवशी पोर्तुगोसला लोहयुक्त झऱ्याचे, दगडांना गंजाचा रंग चढवणारे आंबूस पाणी पिऊन मी बुस्कीस्तारमार्गे त्रेवेलेसकडे निघालो. बुस्कीस्तारच्या पुढे वाटेला दोन फाटे फुटले. एक चढणीची होती आणि दुसरी पाटाच्या काठाने सपाट जात होती. एका दगडावर फिकट झालेली फुली होती. ती मला दिसली नाही आणि मी पाटाच्या काठाने गेलो. पाऊण तासाने काठ अरुंद होत गेला, एका बाजूला पाणी आणि दुसऱ्या बाजूला खोल उतार अशी अवस्था झाली आणि परत फिरण्यावाचून इलाज उरला नाही. अशा ठिकाणी ज्याला ही वाट करायची असेल त्याने एवढे लक्षात ठेवावे की प्रत्येक फाट्यावर खूण दिसेपर्यंत पुढे पाऊल टाकू नये, आणि दहा मिनिटे खूण दिसली नाही तर मागे यावे.

परतताना एक वयस्कर शेतकरी भेटले. खांद्यावर आपल्या फावड्यासारखेच, दांड्याला काटकोनात पाते असलेले अवजार होते. त्यांनी पाटाच्या तोंडाशी उभी केलेली पाटीच्या दगडाची लादी उचलली, मुख्य पाटात आडवी रोवली, गवतासकट मातीचे दोन ढेकूळ फटींत दाबले आणि पायाने चेपले. पाणी क्षणभर तुंबले, मग वळून बटाट्याच्या वाफ्यांकडे निघाले. आमच्याकडे याला दारे धरणे म्हणतात. माझ्या तोडक्यामोडक्या स्पॅनिशमध्ये मी सांगितले की माझे वडीलही असेच करत. त्यांनी अवजार माझ्या हातात दिले आणि पुढच्या दाराचे पाणी मला वळवू दिले. नंतर चढणीच्या वाटेपर्यंत ते स्वतः सोबत आले.

साधारण 1,470 मीटर उंचीवरच्या, थंड कोरड्या वाऱ्यात मुरवलेल्या हॅमसाठी प्रसिद्ध असलेल्या त्रेवेलेसला मी अंधार पडण्याच्या बेतात पोहोचलो आणि सकाळच्या बसने ग्रानादाला परतलो. घरी आल्यावर वडिलांना त्या पाटाची छायाचित्रे दाखवली. त्यांनी ती एकेक करून निरखून पाहिली, लादी रोवण्याची पद्धत बरोबर आहे असे म्हणाले, आणि विचारले, “त्यांचे बारे किती तासांचे असते?”

ते विचारायचे माझ्याकडून राहून गेले होते.