पिल्लू अजून बोलत नाहीये

बुधवार, रात्र

पिल्लू पुढच्या महिन्यात दोन वर्षांचा होईल आणि त्याच्याकडे अजून मोजकेच शब्द आहेत. माऊ, भुभू, भूर, बाबा, आणि पाण्याला "पा". आई नाही म्हणत. हाताला धरून ओढत नेतो, फ्रीजसमोर उभं करतो, बोट दाखवतो, पण हाक मारत नाही, आणि याचं मला किती वाईट वाटतं ते मी घरात कोणाला सांगितलेलं नाही म्हणून इथे लिहितेय.

जो येतो तो म्हणतो बोलेल गं. सासूबाई म्हणतात ह्याचा बाबासुद्धा तीन वर्षांचा होईपर्यंत बोलला नव्हता. माझी आई म्हणते मुलगे उशिराच बोलतात. शेजारच्या काकूंनी वेखंड आणून दिलं, उगाळून जिभेला लाव म्हणाल्या. सगळे मायेनेच सांगतात, मला कळतं ते. पण वेखंडाचं डॉक्टरांना विचारलं तर त्यांनी स्पष्ट नको म्हणून सांगितलं, इतक्या लहान पोटात ते जायला नको. आणि बाबा उशिरा बोलला होता हे ऐकून डॉक्टर निवांत नाही झाले, उलट त्यांनी ते कागदावर लिहून घेतलं, कारण घरात आधी कोणी उशिरा बोललेलं असेल तर मुलाकडे जास्त लक्ष द्यायचं असतं म्हणे. म्हणजे जी गोष्ट घरात धीर द्यायला सांगतात तीच तिथे तपासणीचं कारण झाली.

रविवारी नणंदेकडे बारसं होतं. जाऊबाईंची मुलगी पिल्लूपेक्षा थोडी लहानच, ती "मला अजून जिलबी दे" असं अख्खं वाक्य बोलते. ती गोड आहे, तिचा काय दोष. पण मग सगळ्या मावश्या काकवा पिल्लूभोवती जमल्या, म्हण बाळा आई म्हण, हे काय आहे सांग, काऊ कसा करतो, आणि तो माझ्या ओढणीत तोंड खुपसून बसला तो निघेपर्यंत. परत येताना रिक्षात मी ठरवलं की आता वाट बघणं बस झालं.

कोणत्या वयात मुलाला काय बोलता यायला हवं याच्या याद्या तर मला तोंडपाठ झाल्यात. जुन्या याद्यांत दोन वर्षांना साधारण ५० शब्द आणि दोन शब्द जोडून बोलणं, म्हणजे "बाबा आला", "पाणी दे". अमेरिकेच्या सीडीसीने, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्य संस्थेने, २०२२ मध्ये यादी बदलली, तिथे ५० शब्द अडीच वर्षांना गेलेत, दोन शब्द जोडणं मात्र दोन वर्षांनाच आहे. ते वाचून आधी हायसं वाटलं. मग नीट वाचलं तर कळलं की नवी यादी म्हणजे त्या वयात चारातली तीन मुलं तरी जे करतात ते, म्हणजे त्यात मागे असेल तर थांबू नका, दाखवाच, असा त्याचा अर्थ. पिल्लू अजून दोन शब्द जोडत नाही. शिवाय येत असलेले शब्द मुलाने बोलायचे बंद केले तर वय कितीही असो लगेच जायचं हे सगळीकडे लिहिलेलं असतं, ते आमच्याकडे झालेलं नाही, यासाठी मी रोज देवाचे आभार मानते.

चांगल्या गोष्टी पण लिहून ठेवायला हव्यात. नाव घेतलं की बघतो. बोट दाखवतो, आणि नुसतं हवं म्हणून नाही, आकाशात विमान दिसलं की मला दाखवायला म्हणून दाखवतो आणि मग मी बघतेय का ते माझ्या तोंडाकडे बघतो. डॉक्टरांनी एम-चॅटचे, म्हणजे ऑटिझमची शक्यता आहे का ते बघायचे, २० प्रश्न विचारले तेव्हा याच गोष्टींवर ते सगळ्यात जास्त थांबले. म्हणाले शब्द कमी आहेत पण सांगायची ओढ आहे, ही मोठी गोष्ट आहे. मला तिथेच रडू आलं.

तरी कानाची तपासणी करायचीच. मला आधी वाटायचं, कुकरची शिट्टी झाली की दचकतो, मिक्सर लावला की कान झाकतो, मग ऐकू येतच असणार ना. पण मोठा आवाज येणं वेगळं आणि स, फ, थ असली हलकी अक्षरं नीट कानात जाणं वेगळं. मुलं सवयीने आणि बघूनही खूप काही ओळखतात, मी चप्पल घातली की त्याला भूर कळतं, शब्द ऐकायची गरजच नाही. जन्मानंतर कानाची टेस्ट पास झाली होती, पण नंतरही बिघाड होऊ शकतो, आणि पावसाळाभर त्याला सर्दी होती, त्यात पडद्यामागे पाणी साठलं तर सगळं दबल्यासारखं ऐकू येतं. तो बिचारा कसं सांगणार. बेरा टेस्टला कपाळावर आणि कानामागे छोट्या वायरी चिकटवतात, कानात टक टक आवाज देतात आणि मेंदूपर्यंत ते पोचतात का ते बघतात, दुखत काहीच नाही, फक्त मूल झोपलेलं लागतं. बांद्रा रेक्लमेशनला अली यावर जंग संस्था आहे, केंद्र सरकारची, १९८३ पासून ऐकण्या-बोलण्याच्या अडचणींचंच काम, तिथे नेणार आहोत.

आज आमच्या कामाच्या मावशींशी पण बोलले. त्यांचा नातू पालघरकडे गावात असतो, अडीच वर्षांचा, तोही बोलत नाही आणि घरचे म्हणतात बोलेल. मी त्यांना सांगितलं की अंगणवाडीत आरबीएसकेची, म्हणजे सरकारच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची, टीम वर्षातून दोनदा मुलं तपासायला येते, त्यांना दाखवा, पुढची तपासणी फुकट होते. ती योजना २०१३ ला सुरूच पालघरहून झाली होती. मावशींनी हे आधी ऐकलेलंच नव्हतं, लेकीला लगेच फोन लावला.

आणखी एक, कोणीतरी ठासून सांगितलं की घरात एकच भाषा बोला, पाळणाघरात हिंदी आणि घरी मराठी म्हणून पोरगं गोंधळलंय, त्यापेक्षा सरळ इंग्लिशच ठेवा, शाळेलाही बरं. हे मला अजिबात पटलं नाही, आणि आमच्या स्पीच थेरपिस्टही, म्हणजे बोलायला शिकवणाऱ्या, तेच म्हणाल्या, दोन भाषांमुळे मूल उशिरा बोलत नाही, दोन्हीतले शब्द मिळून मोजायचे, आणि आईने तिला मनापासून येते त्याच भाषेत बोलायचं. मी माझ्या लेकराला मराठीतच लाडावणार. मोबाईल मात्र जेवताना पूर्ण बंद केलाय. दोन दिवस खूप रडारड झाली, आता गॅलरीत कावळा बघत जेवतो.

थेरपिस्टनी सांगितलंय त्याला प्रश्न कमी विचारायचे. हे काय ते काय करायचं नाही. त्याच्या समोर खाली बसायचं, तो बघतोय त्याचंच नाव घ्यायचं, तो "पा" म्हणाला की आपण "पाणी, गार पाणी" म्हणायचं आणि मग गप्प राहायचं, त्याला वेळ द्यायचा. ते गप्प राहणं मला फार जड जातं, पण आज केलं. काही बोलला नाही, पण ग्लास घेऊन माझ्याकडे बराच वेळ बघत राहिला.

कानाचा रिपोर्ट चांगला आला तरी थेरपी चालू ठेवायची हे आमचं दोघांचं ठरलंय. सासूबाईंना उद्या मी स्वतः सांगणार आहे, आणि त्यांना एकदा थेरपीला बरोबर नेणार आहे, कारण दिवसभर तो त्यांच्याजवळ असतो आणि त्याच्याशी सगळ्यात जास्त त्याच बोलतात.